हेगचा निकाल आणि तात्याराव सावरकर

एक आठवण सांगतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठ्याचे जहाज उभे करायचे, त्याला एक गोल खिडकी ठेवायची, आणि एखाद्या काटक मुलाने त्यातून खाली अंथरलेल्या गादीवर उडी मारायची. टाळ्यांचा कडकडाट होई आणि पडदा पडे. आपल्यापैकी बहुतेकांना स्वातंत्र्यवीर सावरकरांचे मार्सेल्स एवढेच माहीत असते. पडदा पडल्यावर पुढे काय झाले, हे आम्हाला कोणी दाखवले नाही.

ते जाणून घ्यावेसे वाटले ते जुलै २०१९ मध्ये. कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचा निकाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लागला होता. नागपूरचे हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन भारताची बाजू मांडली, म्हणून आम्ही मराठी मंडळी ऑफिसात जरा ताठ मानेने फिरत होतो. जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने विचारले की, या कोर्टाकडे ना पोलीस ना फौज, मग त्याच्या निकालाला विचारतो कोण? मला पटकन उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र आठवले की, एका मराठी माणसाचे नाव हेगमध्ये गाजण्याची ही पहिली वेळ नव्हती. १०८ वर्षांपूर्वी त्याच गावात विनायक दामोदर सावरकर यांच्यावरून एक खटला चालला होता. उडीइतकाच तो खटलाही त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरला, म्हणून त्यांचे चरित्र या वेळी त्या बाजूने सांगतो.

तात्यारावांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिक जिल्ह्यातील भगूरचा. मध्य रेल्वेने नाशिककडे जाताना देवळाली स्टेशन लागते, तिथून भगूर अगदी जवळ. वडील दामोदरपंत, आई राधाबाई. थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव, धाकटे नारायणराव आणि बहीण मैना. आई पटकीने गेली तेव्हा विनायक नऊ वर्षांचा होता, आणि १८९९ मध्ये वडील प्लेगने गेले. चाफेकर बंधूंना फाशी झाल्यावर घरातल्या अष्टभुजा देवीसमोर या मुलाने शपथ घेतली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे.

१९०० साली नाशिकमध्ये मित्रमेळा स्थापन झाला. आपल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना सांगायला हरकत नाही, की या मित्रमेळ्याचे उघड काम म्हणजे गणेशोत्सव आणि शिवजयंती! कवी गोविंदांची पदे मेळ्यात म्हटली जात, व्याख्याने होत, आणि त्याच आडोशाने तरुण पोरे जमवली जात. पुढे १९०४ मध्ये त्यातूनच अभिनव भारत उभी राहिली. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात असताना १९०५ मध्ये विदेशी कापडाची होळी केली, त्याबद्दल दहा रुपये दंड झाला व वसतिगृहातून काढले गेले. १९०१ मध्ये यमुनाबाईंशी, म्हणजे माईंशी, विवाह झाला होता. शिक्षणाचा भार सासरे भाऊराव चिपळूणकर यांनी बराचसा उचलला. लोकमान्य टिळकांच्या शिफारशीवर श्यामजी कृष्णवर्मांची शिष्यवृत्ती मिळाली आणि जून १९०६ मध्ये तात्याराव बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला निघाले.

बॅरिस्टर होण्यासाठी गेले होते, हे ध्यानात ठेवावे. कारण आपण त्यांना कवी, क्रांतिकारक, समाजसुधारक म्हणून ओळखतो आणि हा माणूस मुळात कायद्याचा विद्यार्थी होता, हे विसरतो. ग्रेज इनमध्ये त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, परीक्षा दिल्या, पण राजद्रोही म्हणून १९०९ मध्ये त्यांना सनद नाकारण्यात आली. म्हणजे पदवीचा कागद मिळाला नाही, पण कायदा डोक्यात पक्का होता. मार्सेल्सची उडी हे नुसते धाडस नव्हते, त्यामागे एका वकिलाचा हिशेब होता.

लंडनमध्ये इंडिया हाऊसमधून काय चालले होते ते थोडक्यात सांगतो. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरचा ग्रंथ लिहिला गेला, तो प्रसिद्ध होण्याआधीच सरकारने त्यावर बंदी घातली. ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली गेली. जून १९०९ मध्ये नाशिकला बाबारावांना जन्मठेप झाली. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला मारले, आणि त्यात वापरलेल्या पिस्तुलाचा माग लंडनपर्यंत गेला. तात्याराव तेव्हा पॅरिसला मॅडम कामांकडे सुरक्षित होते. तरीही परत आले आणि १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशनवर उतरताच पकडले गेले. इतक्या मोठ्या स्टेशनवर एवढ्या गर्दीत एका माणसाची वाट पाहत पोलीस उभे असतात, याचा अर्थ बातमी आधीच पोहोचली होती.

ब्रिटिशांना त्यांच्यावर खटला लंडनमध्ये नको होता. तिथे ज्यूरी, वर्तमानपत्रे, अपील, सगळेच आले. १८८१ च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्याखाली त्यांना मुंबईला पाठवायचे ठरले. १ जुलै १९१० रोजी मोरिया नावाची बोट टिलबरीहून निघाली. सोबत स्कॉटलंड यार्डचे इन्स्पेक्टर पार्कर आणि मुंबई पोलिसांची माणसे. ७ जुलैच्या संध्याकाळी बोट मार्सेल्स बंदरात लागली. ८ जुलैच्या सकाळी शौचाला जायचे निमित्त करून तात्यारावांनी आतून दार लावले आणि खिडकीतून शरीर बाहेर काढून पाण्यात उडी घेतली.

इथे आपल्या लहानपणीच्या कथेला थोडी मुरड घालावी लागते. बोट बंदरात उभी होती, भर समुद्रात नव्हती. अंतर मोजले तर फार नव्हते. त्यामुळे उडीचे मोल कमी होत नाही, पण खरी कसोटी पोहण्याची नव्हती. खरी गोष्ट जमिनीची होती. धक्क्यावर पाय ठेवताच तात्याराव फ्रान्सच्या भूमीवर आले. तिथे इंग्रज पोलिसाला त्यांच्या अंगाला हात लावण्याचा अधिकार उरत नव्हता. ते मागे वळून लपले नाहीत, ते फ्रेंच पोलिसाकडे धावले, आणि मला अटक करून तुमच्या दंडाधिकाऱ्यापुढे न्या असे त्याला सांगू लागले. तो बिचारा नाविक पोलिसातला हवालदार. त्याला इंग्रजी येईना. मागून बोटीवरची माणसे चोर चोर असा ओरडा करीत आली. हवालदाराने या ओल्याचिंब माणसाचा दंड धरला आणि सर्वांनी मिळून त्यांना परत बोटीवर नेऊन बसवले. सगळा प्रकार काही मिनिटांचा. मॅडम कामा मोटारीने निघाल्या होत्या आणि थोडक्यात उशीर झाला, असे सांगतात. बोट ९ जुलैला मार्सेल्सहून सुटली. त्या चोवीस तासांत कोणीही हरकत घेतली नाही, आणि पुढे नेमकी हीच गोष्ट महाग पडली.

बोभाटा नंतर झाला. पॅरिसमध्ये मॅडम कामा आणि त्यांचे सहकारी, फ्रेंच समाजवादी पक्षाची मंडळी आणि कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँग्वे यांनी ल्युमानिते या वर्तमानपत्रातून प्रश्न लावून धरला. फ्रान्सच्या भूमीवर आश्रय मागणाऱ्या राजकीय कैद्याला परक्या पोलिसांच्या हाती कसे दिले? फ्रेंच सरकारला स्वाभिमानासाठी ब्रिटनकडे कैदी परत मागावा लागला. ब्रिटनने नकार दिला. पण हे दोन देश काही शत्रू नव्हते. १९०४ मध्ये त्यांचा समझोता झाला होता, जर्मनीची धास्ती दोघांनाही होती. एका हिंदी कैद्यासाठी मैत्री बिघडवायची तयारी कोणाचीच नव्हती. मग सभ्य मार्ग निघाला. २५ ऑक्टोबर १९१० रोजी करार करून हा वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे सोपवण्यात आला.

हेगमध्ये दोन वेगळी न्यायालये आहेत, आणि पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. जाधवांचा खटला ज्यात चालला ते आंतरराष्ट्रीय न्यायालय संयुक्त राष्ट्रांचे, १९४६ पासूनचे. सावरकरांचा वाद गेला तो कायम लवाद न्यायालयात. ही संस्था १८९९ च्या शांतता परिषदेतून निघाली. नाव कायम असले तरी तिथे न्यायाधीश कायम बसलेले नसतात. वाद आला की दोन्ही पक्ष मिळून पंच निवडतात.

पाच पंच निवडले गेले. अध्यक्ष ऑग्युस्त बेर्नार्त, बेल्जियमचे माजी पंतप्रधान. फ्रान्सचे लुई रेनो. ब्रिटनचे लॉर्ड डेझर्ट. नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे लोहमान. यातले बेर्नार्त १९०९ चे आणि रेनो १९०७ चे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. म्हणजे पंचांच्या विद्वत्तेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण रेनो हे फ्रेंच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार, आणि लॉर्ड डेझर्ट हे इंग्लंडच्या सरकारी फिर्यादी खात्याचे माजी प्रमुख! ज्या दोन सरकारांत वाद, त्यांचीच घरची माणसे पंचांत.

आपल्या रेल्वेतील वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. कंत्राटदाराशी बिलावरून तंटा झाला की आपल्याकडे आर्बिट्रेशनचे कलम लागते. वर्षानुवर्षे लवादाच्या यादीत नावे असत ती रेल्वेच्याच कामावरच्या किंवा निवृत्त अधिकाऱ्यांची. कंत्राटदार कुरकुर करीत आणि आपण ते हसण्यावारी नेत असू. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखाली, रेल्वे विद्युतीकरण संघटनेच्या खटल्यात स्पष्ट केले की एका पक्षाने तयार केलेल्या यादीतूनच दुसऱ्या पक्षाला लवाद निवडायला लावणे हे समान वागणुकीच्या तत्त्वात बसत नाही. हा निकाल ऑफिसात वाचताना मला मार्सेल्स आठवले. पण तात्यारावांची अवस्था कंत्राटदारापेक्षाही वाईट होती. कंत्राटदार निदान त्या वादात पक्षकार असतो. हेगमध्ये पक्षकार दोनच, फ्रान्स आणि ब्रिटन. दोन रेल्वेंत एखाद्या वॅगनवरून वाद झाला तर कागदपत्रे दोन्हीकडची पाहतात, वॅगनमधल्या मालाला कोणी विचारत नाही. तात्याराव त्या खटल्यात माल होते.

आणि ते होते कुठे? मुंबईला. २२ जुलै १९१० रोजी बोट मुंबईला पोहोचली होती आणि सप्टेंबरपासून तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायासनापुढे खटला सुरू झाला. ज्यूरी नाही, अपील नाही. आपण फ्रान्सच्या आश्रयाला गेलेलो असताना बेकायदा पकडून आणले गेलो, तेव्हा या न्यायासनाचा आपल्यावर अधिकार चालत नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी कामकाजात भाग घ्यायचे नाकारले. २३ डिसेंबर १९१० रोजी पहिली जन्मठेप व मालमत्तेची जप्ती, ३० जानेवारी १९११ रोजी जॅक्सन प्रकरणात दुसरी जन्मठेप. एकूण ५० वर्षे. सत्तावीस वर्षांच्या माणसाला. हेगमधले पंच कामाला बसले ते त्यानंतर पंधरा दिवसांनी!

१४ फेब्रुवारीला कामकाज सुरू झाले, १७ ला संपले आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. प्रश्न एकच होता: आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार ब्रिटनने सावरकरांना फ्रान्सकडे परत द्यावे की नाही? निकाल लहान आहे आणि वाचायला अवघड नाही. त्यातला युक्तिवाद असा. लंडनच्या पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधीच पत्र लिहून कळवले होते की असा कैदी या बोटीवरून जात आहे. फ्रेंच अधिकाऱ्यांनी बंदोबस्ताच्या सूचना दिल्या होत्या. म्हणून फ्रेंच हवालदाराने केले ते त्या सहकार्याला धरूनच होते, आणि त्याच्या वरिष्ठांनी बोट सुटेपर्यंत त्याला चूक ठरवले नाही. ब्रिटिशांनी कपट केले नाही, बळजबरी केली नाही, सगळे सद्भावनेने झाले. कैदी ताब्यात देण्यात अनियमितता झाली खरी, पण परक्या देशाच्या नोकराकडून चूक झाली एवढ्यावरून मिळालेला कैदी परत द्यावा असा कोणताही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. सबब ब्रिटनवर परत देण्याचे बंधन नाही.

मी हा निकाल दोनदा वाचला. त्यात द्वेष नाही, शिवीगाळ नाही, भाषा अगदी नेटकी आहे. खुपते ते हेच. चूक झाली हे मान्य करायचे आणि चुकीचा फायदा ज्याला झाला त्याच्याकडेच तो ठेवायचा. आमच्याकडे सिग्नल चुकून गाडी पुढे गेली तर गाडी गेली ती गेली, परत आणायचा नियम नाही, असे म्हणून कोणी चौकशीची फाइल बंद करू शकत नाही. आश्रय मागणाऱ्या माणसाला स्वतःचा काही हक्क होता का, हा प्रश्न पाच पंचांपुढे कोणी ठेवलाच नाही. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात हक्क असत ते राज्यांना. आणि हिंदुस्थान हे राज्य नव्हते, ती ब्रिटनची मालमत्ता होती. तेव्हा तिथे उभे राहून बोलणार कोण?

निकालाची बातमी तात्यारावांना डोंगरीच्या तुरुंगात कळली. ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानला पोहोचले. कोलू, दिवसाला तीस पौंड तेल, दंडाबेडी, एकांतवास हे सर्व त्यांनी माझी जन्मठेपमध्ये लिहिले आहे, मी त्यावर काय लिहिणार. त्याच कारागृहात बाबाराव होते आणि दोघा भावांची भेट कित्येक दिवस होऊ दिली नव्हती. गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष होते १९६०.

त्यांनी सरकारकडे केलेल्या अर्जांवरून आज दिल्लीत तावातावाने बोलले जाते. १९११ पासून १९२० पर्यंत त्यांनी अनेक अर्ज केले, त्यांत पुढे सनदशीर मार्गाने वागण्याची तयारी दाखवली, हे कागदोपत्री आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटते की ते अर्ज वाचताना हेगचा निकालही शेजारी ठेवावा. ज्या कैद्याला मुंबईत अपील नव्हते, आणि जगातल्या सर्वोच्च म्हणवणाऱ्या लवादापुढे ज्याला तोंड नव्हते, त्याच्यापुढे दाद मागण्यासाठी कोणते दार उरले होते? ज्यांना अर्ज पटत नाहीत त्यांनी न पटवून घ्यावेत, पण एवढे पाहावे.

मे १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून हलवले. ६ जानेवारी १९२४ रोजी सुटका झाली ती रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारण न करण्याच्या अटीवर, आणि हे १९३७ पर्यंत चालले. पतितपावन मंदिर, सहभोजने, अस्पृश्यतेविरुद्धचे काम आणि भाषाशुद्धी ही रत्नागिरीची कमाई. महापौर, दिनांक असे शब्द त्यांनीच आपल्याला दिले. हा लेख त्यांनी वाचला असता तर कोर्ट, बिल आणि वॅगनवर लाल शाईने रेघा मारल्या असत्या.

१९३७ मध्ये मोकळे झाल्यावर ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. परराष्ट्र व्यवहाराबद्दलचे त्यांचे मत तेव्हापासून स्पष्ट दिसते. कोणत्या देशाची राज्यपद्धती कोणती, हे पाहून मित्र ठरवू नये, आपल्या राष्ट्राचे हित पाहून ठरवावे. जागतिक संस्थांच्या भरवशावर राहू नये, तरुणांनी सैन्यात जावे, शस्त्र चालवायला शिकावे. हेगचा धडा घेतलेल्या माणसाचे हे मत आहे हे कळते. राष्ट्रसंघाची तेव्हाची अवस्था पाहता ते चूकही म्हणता येत नाही. १९३५-३६ मध्ये इटलीने अबिसीनिया गिळला आणि राष्ट्रसंघ बघत राहिला होता.

पण एका ठिकाणी मला तात्यारावांबरोबर जाता येत नाही, आणि स्मरणिकेत फक्त गोड लिहावे असा दंडक असला तरी ते सांगायला हवे. १९३८ मध्ये सुदेतन प्रांताच्या वादात त्यांनी जाहीरपणे जर्मनीची बाजू घेतली. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस म्युनिकमध्ये चार सत्तांनी बसून झेकोस्लोव्हाकियाचा तुकडा हिटलरला दिला. ज्याचा देश कापला जात होता, त्या झेकोस्लोव्हाकियाला त्या बैठकीत जागा नव्हती. आपल्याविषयीचा निर्णय आपल्या गैरहजेरीत दुसऱ्यांनी घ्यावा, याचे दुःख मार्सेल्सच्या कैद्याइतके कोणाला कळायला हवे होते? पंच बलवानाचे असतात, हे ओळखणे वेगळे, आणि बलवानाचा निवाडा रास्त मानणे वेगळे. पहिल्यावरून दुसऱ्यावर माणूस कसा घसरतो ते इथे दिसते.

आपल्या दिल्लीशी त्यांचा संबंध आला तो सर्वांत कटू प्रसंगी. गांधीजींच्या हत्येच्या खटल्यात ते आरोपी होते आणि मे १९४८ पासून लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात तो खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यायमूर्ती आत्माचरण यांनी त्यांना निर्दोष सोडले. त्यांच्या मृत्यूनंतर कपूर आयोगाच्या अहवालाने तो विषय पुन्हा उकरला आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही. लाल किल्ल्यात पाहुण्यांना फिरवताना मला नेहमी वाटते की, आयुष्यात तीन वेगवेगळ्या न्यायासनांपुढे या माणसाचे भवितव्य ठरले, आणि तीनपैकी एकात तो हजरही नव्हता.

त्याच सुमारास स्वतंत्र भारत पहिल्यांदाच जागतिक पंचांकडे गेला होता. १ जानेवारी १९४८ रोजी काश्मीरचा प्रश्न आपण सुरक्षा परिषदेत नेला. आक्रमण कोणी केले एवढाच सरळ सवाल होता, पण तिथे तो दोन पक्षांचा तंटा होऊन बसला. त्यानंतर दिल्लीच्या परराष्ट्र खात्यात अशा पंचायतींबद्दल जी सावधगिरी आली, ती आजतागायत आहे.

आणि मग गोष्ट पुन्हा हेगला गेली. या वेळी निमित्तही मराठी माणसांचेच! १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त झाली. सिल्वासा २ ऑगस्टला पडले. त्या तुकडीत पुण्या-मुंबईचे तरुण होते आणि त्यांत चक्क सुधीर फडके होते. आपले बाबूजी! पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, आमच्या अधिकाऱ्यांना आणि फौजेला भारतातून वाट मिळालीच पाहिजे म्हणून. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क आहे, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नाही, आणि भारताने काही कर्तव्यभंग केलेला नाही. १९११ मध्ये आपण त्या गावात माल होतो, १९६० मध्ये पक्षकार होतो, आणि निकाल आपल्याला अडचणीचा झाला नाही. पण हेही खरे की, हवेली मिळाली ती निकालाने नव्हे. ती सहा वर्षे आधीच मुक्त झाली होती. गोव्याचेही तसेच. डिसेंबर १९६१ मध्ये आपले सैन्य आत गेले तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध ठराव आला आणि तो अडला तो रशियाच्या नकाराधिकारामुळे.

१९६० हे वर्ष तात्यारावांच्या बिल्ल्यावरचे वर्ष. शिक्षेची ५० वर्षे पुरी भोगली असती तर ते त्या २४ डिसेंबरला सुटले असते. तो दिवस त्यांच्या चाहत्यांनी मृत्युंजय दिन म्हणून साजरा केला. बाबूजी फडक्यांनी पुढे लोकवर्गणीतून वीर सावरकर हा चित्रपट काढला आणि तो २००१ मध्ये पडद्यावर आला.

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. २०१९ च्या निकालाने जाधवांची सुटका झाली नाही. न्यायालयाने वकिलातीच्या भेटीचा हक्क मान्य केला आणि शिक्षेचा फेरविचार होईपर्यंत फाशी थांबवली. एका आईच्या दृष्टीने फाशी थांबणे ही काही लहान गोष्ट नाही, एवढे मी त्याला सांगितले. पण त्याच हेगच्या लवाद न्यायालयात, जिथे सावरकरांचा निकाल लागला होता, जुलै २०२० मध्ये आपल्या विरुद्ध निर्णय आला. २०१२ मध्ये केरळच्या समुद्रात दोन मच्छीमारांना गोळ्या घालणारे इटलीचे नौसैनिक आठवत असतील. चाणक्यपुरीत त्यांच्या वकिलातीत ते राहत होते. त्यांच्यावर खटला चालवण्याचा अधिकार भारताला नाही, भरपाई मात्र मिळेल, असा तो निर्णय. आपण तो मानला, १० कोटी रुपये घेतले आणि जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. सिंधूच्या पाण्याबाबतच्या लवादाला मात्र भारताने मानलेच नाही, आणि जून २०२५ मधला त्याचा निर्णय फेटाळून लावला. कुठे जायचे आणि कुठे जायचे नाही, हे आता आपण ठरवतो. १९११ मध्ये ते आपल्या हातात नव्हते.

तात्यारावांची अखेरची वर्षे दादरच्या सावरकर सदनात गेली. १९६२ चा चीनकडून झालेला पराभव त्यांनी पाहिला, १९६५ मध्ये आपले सैन्य लाहोरच्या दिशेने गेलेलेही पाहिले. १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदमध्ये करार झाला, जिंकलेला मुलूख परत देण्याचे ठरले आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १ फेब्रुवारीपासून, तात्यारावांनी अन्न आणि औषध सोडले. ८३ वे वर्ष चालू होते. माई १९६३ मध्येच गेल्या होत्या. २४ फेब्रुवारीला हेगच्या निकालाला ५५ वर्षे झाली, आणि २६ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांनी प्राण सोडला. आपल्या मरणानिमित्त कोणी दुकाने वा कामधंदा बंद ठेवू नये आणि देह विद्युतदाहिनीत द्यावा, असे ते लिहून गेले होते. मुंबईत चंदनवाडीला त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.